खळ्यातले आठ दिवस



गेल्या महिन्यातल्या पासवर्डवरच्या लेखावर एका काकूंनी कळवलं, "कधीतरी कॉम्प्युटर सोडून दुसरंही लिहीत जा." काकू, हा महिना तुमचा. या वेळचा विषय आमच्या घरात साबणाच्या डबीतून आला आणि थेट १९९४ सालापर्यंत जाऊन पोहोचला.

लेक चौथीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी लिंबावर पेटणारा दिवा आणि खायच्या सोड्याचा ज्वालामुखी असतोच. तिला काहीतरी वेगळं हवं होतं. बाप बी.ई. असला की घरात त्याच्याकडून फार अपेक्षा असतात. शेवटी एका रविवारी आम्ही जेवणाच्या टेबलावर इलेक्ट्रोफोरेसिसचं यंत्र बनवलं. नाव भारदस्त आहे, पण सामान सगळं घरातलं. एक प्लास्टिकची साबणाची डबी, चायना ग्रास, खायचा सोडा, नऊ व्होल्टच्या पाच बॅटऱ्या आणि केकसाठी आणलेला हिरवा रंग.

चायना ग्रास सोड्याच्या पाण्यात उकळून डबीत ओतलं. गार झाल्यावर त्याची मऊ वडी तयार झाली. हीच आपली जेल. ओतताना एका टोकाजवळ थर्माकोलचे छोटे तुकडे उभे धरले होते. ते काढल्यावर खळगे राहिले. खळग्यात हिरव्या रंगाचा एक थेंब साखरेच्या पाकात मिसळून सोडला, म्हणजे तो तळाशी बसतो. वरून सोड्याचं पाणी घातलं, दोन टोकांना दोन तारा लावल्या आणि बॅटऱ्या जोडल्या.

पहिली दहा मिनिटं फक्त तारांपाशी बुडबुडे आले. लेक कंटाळली. अर्ध्या तासाने मात्र ती ओरडलीच. हिरवा थेंब धन टोकाकडे सरकला होता आणि सरकता सरकता त्याचे दोन तुकडे झाले होते. पिवळा पुढे, निळा मागे. हिरवा रंग मुळात नव्हताच! बाटलीत पिवळा आणि निळा एकत्र होते. आपल्या डोळ्यांना ते वेगळे कळत नव्हते, विजेने ते वेगळे करून दाखवले. दोन्ही रंगांच्या कणांवर ऋणभार असतो, म्हणून दोघेही धन टोकाकडे धावतात. पिवळ्याचा कण लहान आणि त्याच्यावरचा भार जास्त, म्हणून तो पुढे जातो.

लेकीचा पुढचा प्रश्न तयारच होता. "बाबा, जंतूंना पण असं वेगळं करता येतं?"

येतं. बॅक्टेरियाच्या पेशीच्या बाहेरच्या आवरणावर फॉस्फेटसारखे गट असतात आणि त्यांच्यामुळे साध्या पाण्यात बहुतेक बॅक्टेरियांवर ऋणभार असतो. म्हणजे वीज लावली की जिवंत जंतूसुद्धा त्या रंगासारखा धन टोकाकडे सरकतो. प्रत्येक जातीचं आवरण थोडं वेगळं, म्हणून वेगही थोडा वेगळा. वाचायला सोपं वाटतं, पण प्रत्यक्षात शास्त्रज्ञांना यानं बरीच वर्षं दमवलं. जंतू एकमेकांना चिकटतात, नळीच्या भिंतीला चिकटतात, आणि एकाच जातीच्या दोन पेशीही हुबेहूब सारख्या नसतात. त्यामुळे नीट पट्टे पडायच्या ऐवजी सगळं पसरट होतं. १९९९ साली अमेरिकेतल्या डॅनियल आर्मस्ट्राँग यांच्या गटाने केसासारख्या बारीक नळीत, पाण्यात थोडं पॉलिमर विरघळवून, अख्ख्या जंतूंचे जातीनुसार स्वच्छ पट्टे मिळवून दाखवले.

दुसरी युक्ती त्याच्याही आधीची. वीज सगळीकडे सारखी न लावता एका जागी तीव्र आणि दुसऱ्या जागी मंद ठेवायची, आणि ती सतत उलटसुलट करायची. मग पेशी नुसत्या भारावर सरकत नाहीत. त्यांच्या आत काय आहे आणि त्यांचं आवरण शाबूत आहे की नाही, यावर त्या कुठे जमतात ते ठरतं. हर्बर्ट पोल यांनी १९६६ साली याच तंत्राने यीस्टच्या जिवंत आणि मेलेल्या पेशी वेगळ्या केल्या. मेलेल्या पेशीचं आवरण गळकं होतं आणि वीज तेवढं बरोबर ओळखते.

मी रंगात येऊन हे सांगत होतो. आई कोथिंबीर निवडत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "मग आपल्या इथल्या प्लेगचे जंतूही असेच ओळखले का रे?"

पेपर वाचणारे बाबा लगेच म्हणाले, "प्लेग नव्हताच तो."

आईने कोथिंबीर उचलली आणि आत गेली.

आता इथे थोडं मागे जावं लागेल. हे सदर वाचणाऱ्या तरुण मंडळींपैकी बरेच जण तेव्हा जन्मलेले नव्हते. १९९४ साली मी सात वर्षांचा होतो. बाबा हजीऱ्याच्या पट्ट्यातल्या एका प्लँटमध्ये ऑपरेटर होते. आज मी त्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या प्लँटचं सॉफ्टवेअर सांभाळतो. त्या सप्टेंबरात तापीला पूर येऊन गेला होता, गणपती विसर्जन झालं होतं आणि तिसऱ्या आठवड्यात वेड रोडच्या बाजूने बातमी आली. माणसं तापाने फणफणतायत, खोकताना रक्त पडतंय, दोन-तीन दिवसांत जातायत. फुप्फुसाचा प्लेग. दुसऱ्या दिवशी शहरात टेट्रासायक्लिनची गोळी मिळेना. लोकांनी नाकाला रुमाल बांधले. काही दिवसांत लाखो माणसं सुरत सोडून गेली. अनेक देशांनी भारताची विमानं थांबवली.

बाबांना निघता येईना. गॅसचा प्लँट असा कुलूप लावून बंद करता येत नाही. त्यांनी आईला, मला आणि धाकट्या बहिणीला उधन्याला गाडीत बसवलं. ते प्लॅटफॉर्म मला आजही आठवतं. मी लहान, म्हणून माणसांच्या पायांमधून सरपटत डब्यात आधी पोहोचलो. ट्रंक घेतलेले बाबा गर्दीत मागेच अडकले आणि ट्रंक शेवटी खिडकीतून आत आली. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, दोंडाईच्याजवळ आमचं गाव. तिथे मोठे काका आणि आजी होत्या.

संध्याकाळी आम्ही वाड्याच्या दारात पोहोचलो तर मोठे काका उंबऱ्यात उभे होते. त्यांनी आत घेतलं नाही. "वहिनी, पोरांना घेऊन खळ्यात चला. तिथं सगळी सोय केलीय." आठ दिवस आम्ही खळ्यातल्या छपरात राहिलो. रोज दोन वेळा पाटीतून भाकरी-भाजी यायची, ती बांधावर ठेवून माणूस लांब जायचा. चुलत भाऊ लांबून हात हलवायचे. मला त्या वयात सगळी गंमत वाटली. आईला काय वाटलं हे तिने कधी सांगितलं नाही.

बाबांना मात्र कळल्यावर जे लागलं ते लागलं. सख्ख्या भावाने बायको-पोरांना परक्यासारखं दाराबाहेर ठेवलं. त्यानंतर लग्नकार्यात भेटी झाल्या, शेतीच्या वाटण्या सरळ झाल्या, पण दोघांत मोकळं बोलणं झालं नाही. आणि पुढे कधीतरी बाबांनी "प्लेग नव्हताच तो" हे वाक्य धरलं. कारण प्लेग नव्हता म्हटलं की भावाची चूक पक्की होते.

हे मला त्या रविवारी पहिल्यांदा लक्षात आलं. आणि असंही वाटलं की घरात तीस वर्षं पडून असलेल्या या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते साबणाच्या डबीसारख्याच एका डबीतून निघालेलं आहे.

बाबांची शंका अगदीच पोकळ नव्हती, हे आधी सांगतो. तेव्हा देशातले जाणकार डॉक्टरसुद्धा वाद घालत होते. प्लेग म्हटलं की आधी उंदीर पडतात, सुरतेत तसे उंदीर कुठे पडले? प्लेग असता तर पन्नास-साठ मृत्यूंवर थांबला असता का? कोणी म्हणालं, हा मेलिऑइडोसिस, म्हणजे चिखल-पाण्यातल्या एका जंतूचा आजार. कोणी हंता विषाणूचं नाव घेतलं, कोणी लेप्टोस्पायरोसिसचं. पूर नुकताच ओसरलेला, त्यामुळे सगळंच शक्य वाटत होतं. त्यातच आपल्या मराठवाड्यात, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात, ऑगस्टपासून गाठीच्या प्लेगच्या बातम्या होत्या. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर लोक घरं सोडून बाहेर राहिले, धान्य घरात राहिलं आणि उंदीर वाढले, असं तेव्हा सांगितलं जात होतं.

आमच्या क्षेत्रात सर्व्हर बंद पडला की असंच होतं. प्रत्येक जण छातीठोकपणे वेगळं कारण सांगतो आणि दहा प्रोग्रॅमच्या नोंदी एकाच फाइलमध्ये मिसळलेल्या असतात. आधी त्या वेगळ्या कराव्या लागतात. त्याशिवाय सगळे अंदाजच.

रुग्णाच्या थुंकीतही असंच असतं. तोंडातले, घशातले नाना जंतू एकत्र. त्यातून संशयित जंतू वेगळा काढून वाढवायचा, हीच पहिली लढाई. रुग्णाने आधीच टेट्रासायक्लिन घेतलं असेल तर जंतू वाढतही नाहीत, आणि तेव्हा तर गावभर लोक ते घेत होते. तरी सुरत आणि बीडकडचे काही जंतू प्रयोगशाळेत हाती लागले. सरकारने डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली आणि तिनेही हा प्लेगच असल्याचा निष्कर्ष काढला. पण ज्यांना शंका होती त्यांची शंका गेली नाही.

शंका फिटायला जंतूच्या आतलं वाचावं लागणार होतं, कारण प्लेगच्या जंतूला एक जुळ्यासारखा भाऊ आहे. प्लेगचा जंतू यर्सिनिया पेस्टिस. १८९४ साली हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर यर्सिन यांनी तो शोधला, म्हणजे सुरतेच्या साथीच्या बरोबर शंभर वर्षं आधी. त्याचा भाऊ यर्सिनिया स्यूडोट्यूबरक्युलोसिस. हा बहुधा पोटदुखीवर भागवतो. काही हजार वर्षांपूर्वी याच्यापासूनच प्लेगचा जंतू वेगळा झाला. दोघांचा डीएनए इतका सारखा की अख्ख्या पेशी विजेने पळवून त्यांचा निकाल लावणं अवघडच.

म्हणून पेशी फोडायची, आतला डीएनए काढायचा आणि पळवायचा तो डीएनए. डीएनएवर ऋणभार असतोच. समुद्री शेवाळातून काढलेल्या अ‍ॅगॅरोज नावाच्या पदार्थाची जेल करायची. आपल्या चायना ग्रासची ही शुद्ध, महागडी बहीण. सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा सहज न दिसणाऱ्या छिद्रांची ती जाळी असते. उधन्याच्या प्लॅटफॉर्मवर मी पायांमधून पुढे गेलो आणि ट्रंकवाले बाबा मागे राहिले, तसंच इथे होतं. डीएनएचे छोटे तुकडे जाळीतून सटकतात, लांब तुकडे अडखळतात. थोड्या वेळाने लांबीनुसार पट्टे पडतात. खास रंग लावून अतिनील प्रकाशात धरलं की ते पट्टे नारिंगी चमकतात.

आता ओळख कशी पटवायची? प्रत्येक बॅक्टेरियात १६-एस नावाच्या रेणूचा जनुक असतो. त्याला जंतूचं आडनाव समजा. सुरतेच्या जंतूंचं आडनाव यर्सिनिया निघालं, तेव्हाच मेलिऑइडोसिस बाद झाला. पण जुळ्या भावांचं आडनाव एकच, मग नाव कसं कळणार? त्यासाठी डीएनएच्या नकला काढायच्या. नकला काढण्याची ही पीसीआर पद्धत शोधल्याबद्दल कॅरी मलिस यांना १९९३ साली नोबेल मिळालं होतं, म्हणजे साथीच्या आदल्याच वर्षी. नकला कुठून सुरू करायच्या हे सांगणारे छोटे तुकडे मुद्दाम कसेही निवडले, तर ते डीएनएवर जिथे जिथे बसतील तिथून नक्कल निघते. वेगवेगळ्या लांबीच्या नकला मिळतात. त्या जेलवर पळवल्या की पट्ट्यांची शिडी उमटते आणि प्रत्येक जातीची शिडी वेगळी असते. अंगठ्याचा ठसाच म्हणा.

१९९६ साली दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी सुरत आणि बीडच्या जंतूंमध्ये प्लेगचे खास जनुक असल्याचं दाखवलं. मग २००० साली हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतल्या एस. शिवाजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आडनाव आणि ठसा अशा दोन्ही चाचण्या करून सांगितलं: साथीतले हे जंतू यर्सिनिया पेस्टिसच आहेत. प्लेगच होता.

मग शहर का वाचलं? फुप्फुसाचा प्लेग माणसाकडून माणसाला श्वासातून होतो खरा, पण त्याला खूप जवळचा सहवास लागतो. लवकर औषध मिळालं तर माणूस वाचतो, न मिळालं तर तो जवळजवळ नक्की जातो. आणि रुग्णाच्या जवळ आलेल्या माणसावर किती दिवस लक्ष ठेवायचं? सात दिवस.

सात दिवस. हे वाचताना मी थांबलो होतो.

हे सगळं मी त्याच रात्री जेवताना बाबांना सांगितलं. जेलवरच्या पट्ट्यांचं चित्र कागदावर काढून दाखवलं. वाद घालायचा नव्हता, तरी थोडी भीती होतीच. बाबांनी सगळं ऐकलं. म्हणाले, "असेल प्लेग. पण दारातून परत पाठवायचं?"

तेव्हा आई बोलली. "मोठ्या भाऊजींनी नाही पाठवलं. खळ्यात ठेवायचं सासूबाईंनी ठरवलं होतं. भाऊजी नुसते दारात उभे राहिले."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. आईने शांतपणे पुढे सांगितलं. आमच्या आजीच्या लहानपणी खानदेशात प्लेग यायचा. उंदीर पडला की माणसं गाव मोकळं करून रानात झोपड्या घालून राहायची आणि कोणी बाहेरून आलं तर त्याला काही दिवस वेगळं ठेवायची. आजीला जंतूचं नाव माहीत नव्हतं, पण किती दिवस थांबायचं ते माहीत होतं. घरात चुलत भावंडं मिळून पाच लहान मुलं होती. आजीने खळ्यातलं छप्पर आदल्या दिवशीच सारवून घेतलं होतं. आणि रोज संध्याकाळी बांधावर जेवण ठेवून जो माणूस लांब उभा राहायचा, आम्ही जेवेपर्यंत हलायचा नाही, ते मोठे काकाच होते. मला अंधारात कळलं नव्हतं. आईला कळलं होतं.

"मला कधी बोलली नाहीस," बाबा म्हणाले.

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही तर प्लेग नव्हताच म्हणत होतात."

मित्रांनो, यावर मी काही शहाणपणाचं बोलणार नाही. जेलवरचे पट्टे जंतूचं नाव सांगतात, माणसांच्या मनातलं सांगत नाहीत. त्या सप्टेंबरात भीतीपोटी कित्येकांनी कित्येकांना दारं लावली आणि त्या सगळ्यांकडे आजीसारखं कारण नव्हतं. बाहेरून मात्र दोन्ही सारखंच दिसलं. हिरव्या थेंबासारखं. २०२०मध्ये आपण सगळेच आपापल्या खळ्यात राहून आलो, तेव्हा हे जरा लवकर कळायला हवं होतं. तेव्हाही आमच्या घरात १९९४चा विषय निघाला नाही.

सुरतेने आपला हिशेब आधीच पूर्ण केला. १९९५मध्ये आलेल्या आयुक्त एस. आर. राव यांनी शहर असं झाडून काढलं की दोनेक वर्षांत ते देशातल्या सर्वांत स्वच्छ शहरांत मोजलं जाऊ लागलं. आमच्या घरचा हिशेब अजून चालू आहे. परवा संध्याकाळी ड्युटीवरून आलो तर बाबा गॅलरीत फोनवर होते. समोर प्लँटच्या चिमणीची ज्योत नेहमीसारखी जळत होती. "कापसाला काय भाव मिळाला?" ते विचारत होते. पलीकडे मोठे काका. प्लेगचा विषय निघाला नाही, पण फोन चाळीस मिनिटं चालला. आईने दोनदा जेवायला हाक मारली आणि तिसऱ्यांदा मारली नाही.

मुलांसाठी: हा प्रयोग घरी जरूर करा, पण मोठ्यांना सोबत घेऊन. एक लिटर पाण्यात अर्धा छोटा चमचा खायचा सोडा, आणि त्यातल्या १०० मिली पाण्याला साधारण एक ग्रॅम चायना ग्रास. पाच बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की ४५ व्होल्ट होतात, म्हणून जोडणी झाल्यावर पाण्यात बोट घालायचं नाही, आणि भिंतीतल्या प्लगची वीज तर कधीच वापरायची नाही. प्रयोगानंतर ती जेल खायची नाही, हेही सांगून ठेवतो, कारण आमच्याकडे तो प्रयत्न झाला.

मोठ्यांसाठी: १९९४मध्ये तुम्ही सुरतेत होता का, की गावाकडे दारात उभे होता? दोन्ही बाजूंच्या आठवणी मंडळाकडे लिहून पाठवा. पुढच्या महिन्यात पुन्हा कॉम्प्युटर. काकू, क्षमा असावी.